गाळीव बोलणं

दक्षिण जाकार्तातल्या त्या कॉफीच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी बसायला जागा मिळणं म्हणजे नशीबच. पण दिताच्या टोळक्याचा कोपरा ठरलेला होता, कारण त्यांच्यातल्या बागसनं दुकानदाराशी संधान बांधलं होतं. पाच-सहा जण, सगळे पंचविशी ओलांडलेले. अंगात जुन्या बाजारातून हुडकून आणलेली ढगळ जाकिटं, समोर ताडगुळाची थंडगार कॉफी आणि बोलण्यात दर दोन वाक्यांमागे एक इंग्रजी 'लिटरली'. प्रत्येकाच्या डाव्या कानात तूरडाळीच्या दाण्याएवढा एक मणी होता. नीट पाहिल्याशिवाय दिसायचा नाही.

"पाक मार्दींचा फोन नाही आला आज?" बागसनं विचारलं.

"चालू आहे की," दिता म्हणाली आणि तिनं कॉफीचा घोट घेतला.

फोन खरोखरच चालू होता. तिकडे मध्य जावातल्या दिएंगच्या पठारावर तिचे वडील बोलत होते. बापाक म्हणजे वडील, हाक मारताना नुसतं पाक. इकडे तिच्या कानातला मणी ते ऐकत होता आणि योग्य त्या जागी तिच्याच आवाजात "इंग्गिह, पाक" म्हणत होता. इंग्गिह म्हणजे 'होय जी'. जावा बेटावर थोरांचं ऐकणं म्हणजे डोळे खाली ठेवून मधे मधे इंग्गिह म्हणणं. ते कुठे म्हणायचं, किती लांबवायचं, हे तिकडच्या पोरांना चालायच्या आधी शिकवतात. मणी ते फार छान म्हणायचा.

तेवढ्यात मण्यानं कानाला हलकीशी टिचकी मारली आणि दिता सावरून बसली.

"काय? खरंच, पाक?" ती आता स्वतःच्या तोंडानं बोलली. थोडा वेळ ऐकून खळखळून हसली. "आणि मग? त्या बाईनं काय केलं?"

पुन्हा हसली, आणि मग तिचा चेहरा सैल पडला. पुढचं बोलणं मण्यानं आपल्याकडे घेतलं होतं.

"सांग, सांग," सगळे पुढे सरकले.

"बापाक पॅराग्लायडरनं उडाले. आयुष्यात पहिल्यांदा. उतरले ते कुणाच्या तरी कोबीच्या शेतात. शेतवाली आधी भांडली आणि मग तिनंच त्यांना जेवायला बसवलं."

टेबल हसण्यानं हादरलं. बागसनं पाक मार्दींच्या नावानं ग्लास उंचावला. त्या माणसाला यांच्यापैकी कुणीही कधी पाहिलेलं नव्हतं. तरी सगळ्यांचा तो लाडका होता.

आता हा मणी काय प्रकार आहे, ते सांगायला हवं.

माहिती कशाला म्हणायचं, याचं उत्तर गणितानं फार पूर्वी देऊन ठेवलं आहे आणि ते जरा निर्दय आहे. जे आधीच ठाऊक आहे ती माहिती नव्हे. उद्या सकाळी सूर्य उगवेल, असं मी तुम्हाला सांगितलं तर मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही. उद्या शाळेला सुट्टी आहे, असं सांगितलं तर थोडं काही सांगितलं. गोष्ट जितकी अनपेक्षित तितकी तिच्यात माहिती जास्त. आता एखादं यंत्र माणसाचं बोलणं ऐकता ऐकता पुढच्या वाक्याचा अंदाज बांधू लागलं आणि अंदाज बरोबर निघाला, तर गणिताच्या हिशेबी ते वाक्य बोललंच गेलं नाही. मणी नेमकं हेच करायचा. अंदाज जुळला की तो कानात त्या आवाजाची उलटी लाट सोडायचा. दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि कानाला शांतता मिळायची. जे अंदाजात बसायचं नाही तेवढंच आत यायचं. त्याला पोरं 'शेष' म्हणायची. मण्याचं नाव होतं सुन्यी. तिकडे सुन्यी म्हणजे निःशब्द शांतता. शब्द आपल्याच 'शून्य'चा, समुद्र ओलांडून गेलेला.

सुन्यी पहिल्यांदा खपला तो ईदच्या तोंडावर. ईदला, म्हणजे तिकडच्या लेबारानला, अख्खं इंडोनेशिया आपापल्या गावी जातं आणि गावी मावश्या, काकू, आत्या दबा धरून बसलेल्या असतात. लग्न कधी? झालं असेल तर मूल कधी? झालं असेल तर दुसरं कधी? जाड झालीस का गं? त्या प्रश्नांनी ज्यांचे कान किटले होते, त्या पिढीनं हा मणी डोक्यावर घेतला. ती पोरं वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो. वर म्हातारे आईबाप, खाली शिकणारी भावंडं, दोघांचा भार यांच्याच खांद्यावर. दिवसभर कामाला जुंपलेली, घरी पैसे पाठवणारी, भाड्याच्या एवढ्याशा खोलीत झोपणारी. त्यांना फक्त थोडी शांतता हवी होती. वर्तमानपत्रांनी त्यांना 'सुन्यी पिढी' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते नाव मिरवलं.

दिताचा संबंध याहून जवळचा होता. ती सुन्यी बनवणाऱ्या कंपनीतच कामाला होती. जावानीज म्हातारी माणसं काय बोलतात, कसं बोलतात, हे यंत्राला शिकवणारी तुकडी तिच्या हाताखाली होती. "जेवलीस का?" शून्य. "इकडे फार थंडी आहे," शून्य. "अंगात वारं भरलंय," शून्य. हे तिकडचं सार्वत्रिक दुखणं. डोकं, पोट, सांधे, काहीही दुखलं तरी म्हातारी माणसं अंगात वारं भरल्याचंच सांगतात. "माझी काळजी करू नकोस," शून्य. तिनं ही शून्यं आपल्या हातानं भरली होती. काम चोख झालं म्हणून तिला बढतीही मिळाली होती.

आई गेल्यावर बापाक दर शनिवारी फोन करू लागले. गावातल्या शाळेत त्यांनी जन्मभर कसरत आणि खेळ शिकवले होते आणि आता निवृत्त होऊन एकटेच राहत होते. सुरुवातीचा शेष अगदीच अळणी असायचा. नळाला नवी तोटी बसवली. गल्लीतल्या बू एंडांगची कोंबडी हरवली. बू म्हणजे बाई. कित्येक शनिवारी तर काहीच उरायचं नाही. सबंध फोन मणी एकटाच निभावून न्यायचा.

मग एकदा माकडाची गोष्ट आली. पठारावर जुनी शिवाची देवळं आहेत, अर्जुन, भीम, घटोत्कच अशा नावांची. तिथे बापाकांचा चष्मा माकडानं पळवला आणि भीमाच्या देवळाच्या शिखरावर जाऊन स्वतःच्या नाकावर चढवला. दिता खूप हसली. पुढच्या आठवड्यात बापाक उकळत्या चिखलाच्या कुंडात अंडी उकडायला गेले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात गावातल्या पोरांच्या पंक बँडमध्ये त्यांनी ड्रम बडवला. असं करत करत दर शनिवारी टिचकी वाजू लागली, मणी फोनवर लिहून ठेवायचा तो शेष दिता दोस्तांना वाचून दाखवू, पाठवू लागली, आणि एके दिवशी तिनं बागसला सांगितलं, "लिटरली, लहानपणापासून इतकी जवळीक कधीच नव्हती आमच्यात." हे ती मनापासून बोलली.

ईदला ती घरी गेली. गर्दीच्या गाडीतून, डुलक्या खात, वर पठारावरच्या थंडीत. घरात शिरल्यावर बापाक तिला जरा वाळलेले वाटले, पण हसतमुख होते.

ईदच्या सकाळी तिकडे मुलं आईबापांपुढे गुडघे टेकून माफी मागतात. याला सुंगकेम म्हणतात. वर्षभरात कळत नकळत जे दुखावलं असेल ते पोटात घाला, असं म्हणायचं. मग बाप डोक्यावर हात ठेवून माफ करतो, स्वतःही माफी मागतो आणि आशीर्वाद देतो. शब्द ठरलेले. बापाकांचे तर दरवर्षी तेच, आजोबांकडून आलेले, एका शब्दाचाही फरक नाही.

दितानं गुडघे टेकले, कपाळ त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं आणि आपले शब्द म्हटले. मग ती थांबली.

काहीच ऐकू आलं नाही. बाहेर कोंबडा आरवत होता, रस्त्यावरून मोटारसायकल गेली, स्वयंपाकघरात डिचकीवरचं झाकण थरथरत होतं. हे सगळं ऐकू येत होतं. तिनं मान वर केली. बापाकांचे ओठ हलत होते, डोळे भरलेले होते, हात तिच्या केसांवर होता. आवाज मात्र नव्हता.

मणी कानात होता. काढायचा राहून गेला होता. बापाकांचा आशीर्वाद दरवर्षी तोच असल्यामुळे सुन्यीच्या हिशेबी त्यात सांगण्यासारखं काहीही नव्हतं.

तिला काय वाटलं, ते आडवळणानं कशाला सांगू? तिला स्वतःची लाज वाटली. उठायचं म्हणून तिनं त्यांच्या गुडघ्यावर भार दिला, तर बापाक कळवळले. लुंगीखाली जाडजूड पट्टी बांधलेली होती.

तिनं कानातला मणी ओढून काढला. "हे कधी लागलं?"

"कोबीच्या शेतात उतरलो ना, तेव्हा."

"मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"सांगितलं की. दर शनिवारी सांगतोय, गुडघा बरा होत नाही म्हणून. तू इंग्गिह म्हणालीस."

ती त्यांच्या पायाशीच बसून राहिली. मग तिनं विचारलं, "पाक, या वयात तुम्हाला उडायला कुणी सांगितलं होतं?"

बापाक जरा लाजले. म्हातारा माणूस लाजला की फार केविलवाणा दिसतो. "न्दुक," ते म्हणाले, म्हणजे पोरी, "मी आयुष्यभर मैदानावर पोरं गोळा केली. कुणाचं लक्ष आहे नि कुणाचं नाही, एवढं मला कळतं. तोटीचं सांगितलं की तू इंग्गिह, इंग्गिह करतेस, पण तू तिथे नसतेस. माकडाचं सांगितलं तेव्हा एकदम जागी झालीस. तुझं हसू ऐकलं मी. तुझ्या आईसारखं हसतेस तू. मग काय, दर आठवड्याला एखादं माकड शोधायला लागलो."

"मग खोटंच सांगायचं. तुम्हाला कुणी विचारलं असतं?"

"छे छे. शिक्षक होतो मी."

दितानं तो मणी खिशात टाकला आणि नंतर पुन्हा कधीही कानाला लावला नाही. यापुढे तुम्ही तोटीचं सांगा, कोंबडीचं सांगा, मी सगळं ऐकेन, असं तिनं कबूल केलं. बापाकांनी मान डोलावली. मात्र ते इंग्गिह कोण म्हणत होतं, ते सांगणं तिच्या जिवावर आलं. ते तिनं सांगितलं नाही.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण दिता जाकार्ताला परतली आणि पुढच्या शनिवारी मण्याशिवाय फोन घेऊन बसली.

बापाक बोलू लागले. थंडी, बटाट्याचं पीक, गुडघा, मशिदीच्या छपराची दुरुस्ती. पहिली काही मिनिटं तिनं कान टवकारून ऐकलं. मग नजर खिडकीबाहेर गेली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. भानावर आली तेव्हा बापाक वेगळ्याच विषयावर होते आणि उत्तराची वाट पाहत थांबले होते.

"इंग्गिह, पाक," ती घाईनं म्हणाली.

बापाकांनी प्रश्न पुन्हा सांगितला. "मी विचारलं, ऑगस्टात येशील का?"

दर आठवड्याला हेच होऊ लागलं. तिनं दार बंद केलं, डोळे मिटले, बापाकांचं प्रत्येक वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. पण वाक्याचा सूर लागला की पुढचं काय येणार ते तिला आधीच कळायचं आणि कळलं की कान आपोआप मिटायचा. यामागचं कारण ती इतरांपेक्षा चांगलं जाणत होती. माणसाचा मेंदू हासुद्धा मुळात अंदाज बांधणारं यंत्रच आहे. ठाऊक असलेलं सोडून द्यायचं आणि नव्याकडे धावायचं, हा त्याचा मूळ स्वभाव. सुन्यी त्यावरूनच बेतलेला. पण निसर्गानं मेंदूला एक लगामही दिलेला असतो. आपल्या माणसासमोर बसून तेच ते ऐकता ऐकता तो लगाम घट्ट होतो. वापरात राहिला नाही तर हातापायाच्या स्नायूसारखा तोही वाळतो. मणी काढून टाकलेली माणसं तशीच ऐकेनाशी राहतात, हे कंपनीला ठाऊक होतं. त्यावर चाचण्याही झाल्या होत्या. लगाम परत येतो का, हे कुणी तपासलं नव्हतं, कारण त्यात कुणालाच रस नव्हता. दितानं ते तपासावं म्हणून वरिष्ठांना गळ घातली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिच्या लक्षात आलं की त्यांच्याही कानात मणी आहे.

एका शनिवारी बापाक बोलता बोलता थांबले.

"दमतेस का गं फार कामानं?"

"नाही, पाक. का?"

"काही नाही. पूर्वी तू किती छान ऐकायचीस. इंग्गिह म्हणायचीस ते कसं बरोबर जागी यायचं. मला वाटायचं, शहरात राहूनही पोरगी विसरली नाही." ते हसले. "दमलेली असशील. जा, झोप."

दितानं फोन ठेवला आणि तोंड दाबून रडली. ती चांगली मुलगी होती तेव्हा ती तिथे नव्हती, आणि आता ती तिथे होती तर चांगली मुलगी राहिली नव्हती. हे त्यांना कसं सांगणार?

ऑगस्टात ती रजा काढून घरी गेली. तिकडे तो कोरडा हंगाम. आकाश काचेसारखं स्वच्छ आणि थंडी हाडात शिरणारी. फोनवर कान दगा देतात, समोर बसल्यावर देणार नाहीत, अशी तिची आशा होती. माणूस डोळ्यांपुढे असेल, हातात हात असेल, तर कोण कशाला भरकटेल?

पहिल्या संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगडीजवळ बसली. बापाकांनी मक्याची कणसं भाजली. गुडघा आता बरा होता. डोंगरावरच्या झऱ्यापासून घरापर्यंत पाण्याचा नवा पाइप टाकायचा आहे, त्याचं ते सांगू लागले. जुना पाइप कुठे फुटला, कुणी बांधला, पुन्हा कुठे फुटला. दिता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. किती सुरकुत्या पडल्यात, असं तिच्या मनात आलं. आपण हा चेहरा आईच्या शेजारी शेवटचा कधी पाहिला, असंही मनात आलं. मग कोळशावर एक ठिणगी तडतडली, ती तिनं पाहिली आणि तिथून ती कुठल्या कुठे गेली.

बापाकांनी ते पाहिलं. जन्मभर मैदानावर काढलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं. त्यांनी पाइप तिथेच सोडला. थोडा वेळ शेगडीतले कोळसे हलवले. मग पुन्हा बोलायला लागले.

जावानीज माणूस मनातली गोष्ट कधी सरळ काढत नाही. आधी थंडीचं बोलेल. मग वारा कसा पडलाय ते सांगेल, मग शेजाऱ्याच्या बटाट्यांचं, मग तुझ्या अंथरुणात घोंगडी जाड आहे ना, असं विचारेल. या सगळ्यातून वाट काढत काढत मग कुठेतरी त्याची खरी गोष्ट हळूच येऊन बसते आणि ऐकणाऱ्यानं ती ओळखायची असते. बापाक त्याच वाटेनं गेले. त्या वाटेवरचे सगळे मुक्काम दिताला पाठ होते.

शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं, कारण ते थांबले आणि तिच्याकडे पाहू लागले.

"इंग्गिह, पाक," दिता म्हणाली.

या वेळी ते अगदी बरोबर जागी पडलं असावं. बापाकांचा चेहरा खुलला. त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं, मक्याचं शेवटचं कणीस तिच्या ताटात ठेवलं आणि लवकर झोपायला गेले. आपण कशाला हो म्हटलं, ते विचारावं, असं दिताच्या मनात आलं. पण त्यांना आनंद झालेला होता. विचारलं असतं तर आपण ऐकत नव्हतो हे कळलं असतं. सकाळी विचारू, असं तिनं ठरवलं.

सकाळी बापाक घरात नव्हते. खुंटीवरचं जाड जाकीट नव्हतं आणि फळीवरचा थर्मासही नव्हता. मशिदीतून परस्पर भाजीला गेले असतील म्हणून तिनं चहा झाकून ठेवला.

बटाट्याच्या शेतात कामाला निघालेल्या माणसांना ते सापडले. शेतापलीकडे एक खोलगट जागा आहे. ऑगस्टातल्या निवांत पहाटे त्या पठारावर दव गोठून हिम पडतं. उष्ण कटिबंधातल्या बेटावर, गवताच्या पात्यांवर, पांढरं शुभ्र. ते पीक जाळतं म्हणून तिकडचे लोक त्याला विषारी दव म्हणतात. आकाश निरभ्र असेल आणि वारा अजिबात नसेल तरच ते पडतं, आणि सगळ्यात दाट पडतं ते खळग्यात. पण दिएंग हा जुना ज्वालामुखी आहे. जमिनीच्या भेगांतून तिथे कार्बन डायऑक्साइड झिरपत असतो. हा वायू हवेपेक्षा जड. वारा असला तर उडून जातो, नसला तर पाण्यासारखा खळग्यात साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. गुडघ्याएवढा साचला असेल तर उभ्या माणसाला कळतही नाही. माणूस गवताशी वाकतो, दोन-तीन श्वास घेतो आणि तिथेच बसतो.

बापाक बसलेलेच होते. मांडीवर थर्मास होता, झाकण घट्ट लावलेलं. घरी आणून दितानं तो उघडला. आत थोडंसं गार पाणी होतं आणि गवताची काही पाती.

त्या खळग्यात पहाटे जाऊ नये, हे दितालाही ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक पोराला ते शाळेत शिकवलेलं असतं. तिला तर खुद्द बापाकांनीच शिकवलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी जे विचारलं ते तिनं नुसतं ऐकलं असतं, तरी ती नको म्हणाली असती. विचारलं होतं ते हिमाचंच की आणखी कशाचं? तिची परवानगी मागितली होती की बरोबर येतेस का म्हणून विचारलं होतं? ती बरोबर येणार म्हणून ते दारात थांबले होते का? तिच्या झोपेवर दया येऊन एकटेच गेले होते का?

दफन झालं. जाकार्ताहून बागसचा निरोप आला की सगळे रडतायत, पाक मार्दींसारखा माणूस नाही. त्यानं त्यांचे सगळे शेष एकत्र करून पाठवले होते. दितानं ते उघडले नाहीत.

घरात रोज संध्याकाळी गाव जमून प्रार्थना म्हणत होतं. त्यातच तिला कळलं की बापाकांना त्या पहाटे शेवटचं पाहिलं ते बू एंडांगनी. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, आणि म्हातारी पहाटेच अंगण झाडायला उठते. बापाक तिथे थांबून त्यांच्याशी बोलले होते.

दुसऱ्या दिवशी दिता त्यांच्याकडे गेली. जाताना तिनं मनाशी पक्कं केलं होतं की एक शब्दही निसटू द्यायचा नाही. ती ताठ बसली, हात मांडीवर घट्ट आवळले आणि म्हणाली, "बू, त्या दिवशी बापाक तुमच्याशी काय बोलले?"

पण बू एंडांग या बू एंडांग होत्या. आधी त्यांनी चहा आणला. साखर कमी झाली का, विचारलं. मग तुझे वडील कसे देवमाणूस होते, ते सांगितलं. मग म्हणाल्या, "मी नेहमीसारखी उठले बघ. थंडी तर अशी की हात वळेना. कोंबड्या सोडल्या. ती तांबडी कोंबडी हल्ली अंडं देत नाही, मी म्हटलं कापावी, पण जीव होत नाही. तुझी आई होती तेव्हा तिनं दिलेल्या पिल्लांतलीच ती. मग झाडू घेतला. झाडूचा दांडा सैल झालाय, रात्नोला कितीदा सांगितलं येशील तेव्हा ठोकून दे, पण त्याला कुठला वेळ, तुझ्यासारखाच तोही जाकार्तात…"

दिता ऐकत होती. रात्नो. बू एंडांगचा मुलगा, शाळेत तिच्या पुढच्या वर्गात होता. त्याच्याही कानात मणी असेल. जावानीज म्हाताऱ्यांसाठीचा, तिच्याच तुकडीनं तयार केलेला. दांडा सैल झालाय, शून्य. येशील तेव्हा, शून्य. अंगणात तांबडी कोंबडी माती उकरत होती. तिच्या पायाला चिंधी बांधलेली होती.

"…असं म्हणाले आणि गेले," बू एंडांग म्हणत होत्या. "मी म्हटलं, जाऊन या."

दितानं चटकन मान वळवली.

"काय म्हणाले, बू?"

बू एंडांगनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कित्येक वर्षं मुलाला फोन करणाऱ्या बाईची ती नजर होती, आणि तिला सगळं कळलं होतं. पोरीला पुन्हा तेच ऐकायला लावून कशाला लाजवायचं, असा त्यांनी विचार केला असावा. त्यांनी चहाचा पेला दिताच्या जवळ सरकवला.

"काही नाही गं, न्दुक," त्या म्हणाल्या. "नेहमीचंच."